गाडी कुठे बदलायची?

आपल्या नांदगाव खंडेश्वरला आगगाडी येत नाही. गाडी धरायची तर बडनेऱ्याला जावे लागते. बडनेरा हे जंक्शन आहे. रेल्वेचे निरनिराळे मार्ग जिथे एकत्र येतात, त्या स्टेशनला जंक्शन म्हणतात. मुंबई-नागपूर हा मोठा मार्ग बडनेऱ्यावरून जातो. तिथूनच अमरावतीला फाटा फुटतो. मुंबईहून नागपूरच्या गाडीने येणाऱ्याला अमरावतीला जायचे असेल, तर त्याने बडनेऱ्याला उतरले पाहिजे. त्याला डुलकी लागली, तर गाडी त्याला धामणगावाकडे घेऊन जाते. गाडी कोणासाठी थांबत नाही.

गाडी का बदलावी लागते? पहिले कारण उघड आहे. प्रत्येक गाडीचा मार्ग ठरलेला असतो. दुसरे कारण रुळांचे आहे. मूर्तिजापूरहून पूर्वी एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी शकुंतला गाडी धावत असे. वऱ्हाडातील कापूस नेण्यासाठी तो मार्ग बांधला होता. त्याच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट होते. मोठ्या गाडीच्या रुळांत साडेपाच फूट अंतर असते. मग एका मार्गावरची गाडी दुसऱ्या मार्गावर कशी चालणार? माणसांना उतरावेच लागे.

शकुंतला कापसासाठी होती. आता आपण मौजेसाठी बांधलेल्या एका गाडीची माहिती घेऊ. ती माथेरानची गाडी होय.

माथेरान हे रायगड जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. ते समुद्रापासून सुमारे २,६०० फूट उंचावर आहे. डोंगराच्या पायथ्याशी नेरळ स्टेशन आहे. मुंबईच्या लोकल गाड्या नेरळला थांबतात. तिथे लोकलमधून उतरायचे आणि माथेरानच्या छोट्या गाडीत बसायचे. या गाडीच्या रुळांत फक्त दोन फूट अंतर आहे. म्हणजे ती शकुंतलेपेक्षाही लहान! डोंगरावर वळणे फार. रूळ जवळजवळ असले की गाडी लहान वळणावरही वळू शकते.

हा मार्ग सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने बांधला गेला. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम पाहिले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. त्या काळी १६ लाख रुपये खर्च आला. हे अंतर सुमारे २० किलोमीटर आहे, पण गाडीला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही स्टेशने आहेत. पोरांना तर उतरावेसेच वाटत नाही.

डोंगराची माती पावसात खचते. २००५ च्या जुलै महिन्यातील अतिवृष्टीने हा मार्ग वाहून गेला. २००७ साली तो पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यातही त्याचे फार नुकसान झाले. नेरळहून गाडी पुन्हा सुटली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी साधारणपणे बंद असते. म्हणून आधी चौकशी करावी.

आता समजा, तुम्ही मुलांना घेऊन बडनेऱ्याहून माथेरानला निघालात. अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक असे करत गाडी कल्याणला येते. इथे उतरायचे. कल्याणहून रेल्वेचे दोन रस्ते फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो. आपण त्याच रस्त्याने आलो. दुसरा कर्जतकडे जातो. नेरळ या दुसऱ्या रस्त्यावर आहे.

इथे नीट लक्ष द्या. कल्याण, कसारा, कर्जत. तिन्ही नावे ‘क’ने सुरू होतात. ज्याने पाटीवरचा नुसता ‘क’ पाहिला आणि गाडीत उडी मारली, तो कसाऱ्याला पोहोचेल, म्हणजे आल्या वाटेने परत जाईल! ‘क’च्या पुढे ‘सा’ आहे की ‘र्ज’ आहे, हे पाहिले पाहिजे. अक्षर ओळखणे वेगळे आणि शब्द वाचणे वेगळे, असे आम्ही वर्गात सांगत असू. ते असे उपयोगी पडते.

कर्जतची लोकल चालेल. खोपोलीची लोकलही चालेल, कारण ती नेरळ व कर्जतवरूनच पुढे जाते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या लोकल मात्र नेरळच्या अलीकडेच संपतात. बदलापूरनंतर वांगणी, मग शेलू, मग नेरळ. लोकल फार थोडा वेळ थांबते. शेलूची पाटी दिसली की सामान हातात घ्या आणि मुलांना जवळ घ्या. माथेरानच्या गाडीचे तिकीट नेरळच्या खिडकीवर वेगळे काढावे लागते. डबे लहान, जागा थोड्या. तेव्हा लवकर पोहोचलेले बरे.

नावाची आणखी एक गंमत आहे. भुसावळच्या पुढे, मनमाडच्या आधी, ‘नांदगाव’ नावाचे स्टेशन लागते. ते नाशिक जिल्ह्यातील नांदगाव. परत येताना खिडकीवर “नांदगाव द्या” म्हणाल, तर तिथले तिकीट मिळेल. आपण ‘बडनेरा’ म्हणावे आणि तिकिटावर तेच नाव आहे की नाही, हे खिडकीपाशीच पाहून घ्यावे.

शंका आली तर विचारण्यात कमीपणा नाही. “भाऊ, हे गाडी कर्जतले जाते काय?” असे खुशाल विचारा. पण सांगणारा घाईत असतो. तोही चुकू शकतो. म्हणून विचारावे आणि पाटीही वाचावी. बायामाणसांनी आणि म्हाताऱ्यांनी तर हे जरूर शिकावे. मग कोणी सोबत नाही म्हणून त्यांचा प्रवास अडणार नाही.

अशी सोय परदेशातही आहे. हाँगकाँग शहरात सनी बे नावाचे स्टेशन आहे. तिथे शहराची गाडी सोडून डिस्नेलँड या मोठ्या खेळबागेच्या गाडीत बसतात. तो मार्ग २००५ साली सुरू झाला. त्यावर दोनच स्टेशने आहेत. गाडीला चालक नसतो. तिच्या खिडक्या मिकी या चित्रातल्या उंदराच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत. देश दूरचा, गाडी नवी. पण कुठे उतरायचे आणि कोणत्या गाडीत चढायचे, हे तिथल्या माणसालाही पाटी वाचूनच कळते.

शब्दांचे अर्थ
फाटा : मोठ्या मार्गातून फुटलेला लहान मार्ग
फलाट : गाडीत चढण्या-उतरण्याचा ओटा
लोकल : शहर व आसपासच्या गावांत धावणारी गाडी
अतिवृष्टी : फार मोठा पाऊस

प्रश्न
१. बडनेऱ्याला जंक्शन का म्हणतात?
२. माथेरानच्या गाडीचे रूळ इतके जवळजवळ का आहेत?
३. नेरळला जायला कल्याणहून कोणत्या दोन लोकल चालतील?
४. फलाटावर कल्याण, कसारा, कर्जत अशी तीन नावे दिसली. ती मोठ्याने वाचा. मग पुस्तक मिटून पाटीवर लिहा.