बटण दाबले, पण काहीच घडले नाही : जेक्वेरी शिकताना पडणारे काही प्रश्न

आम्ही मूळचे इतिहासाचे. संगणकाचा तास आमच्याकडे आला, तेव्हा विद्यार्थ्यांबरोबरच आम्हीही शिकलो. त्या वर्गातील काही प्रश्न माजी विद्यार्थी व पालकांसाठी येथे मांडीत आहोत.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी जॉन रेसिग यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. पानावरील क्लिक, कळ दाबणे, अर्ज पाठवणे यांना ‘इव्हेंट’ म्हणतात. त्यावर जे फंक्शन चालावयाचे, ते ‘हँडलर’.

पहिला प्रश्न ठरलेला : क्लिक न करताच फंक्शन का चालते? हँडलर देताना फंक्शनच्या नावापुढे कंस घातला जातो म्हणून. कंस म्हणजे ‘आत्ताच चालव’ ही आज्ञा. नुसते नाव द्यावे.

दुसरा याच्या उलट : क्लिक करूनही काही होत नाही आणि चूकही दिसत नाही. पानावर बटण उमटण्यापूर्वीच ते शोधले गेलेले असते. जेक्वेरीला काहीच सापडले नाही, तरी ती तक्रार न करता पुढे जाते. हा तिचा शांतपणा नवशिक्याला फार छळतो. उपाय सोपा आहे : ‘रेडी’मध्ये लिहावे.

खरा कस लागला तो वसतिगृहाच्या हजेरीचे पान करताना. जुन्या मुलांच्या नावांवर क्लिक केले की खूण उमटे. नंतर यादीत भरलेल्या मुलांच्या नावांवर नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, नव्यांचीच नावे का ऐकत नाहीत?” प्रश्न आम्हाला लागला, आणि उत्तर त्या तासाला देता आले नाही.

कारण असे : हँडलर जोडताना जी नावे पानावर हजर असतात, त्यांनाच तो मिळतो. मागाहून आलेल्यांना आपोआप मिळत नाही. मात्र क्लिक घटकावरच थांबत नाही. तो बाहेरच्या घटकांकडे वर वर चढत जातो. म्हणून हँडलर प्रत्येक नावावर न लावता संपूर्ण यादीवर लावावा, आणि ‘ऑन’ला इव्हेंटनंतर कोणत्या घटकांसाठी ते सांगावे. मग उद्या येणारे नावही त्यात सामावते. यादी मात्र आधीपासून पानावर असली पाहिजे.

जुन्या पुस्तकांत यासाठी ‘लाइव्ह’ सापडेल. ते २००९ मध्ये १.३ आवृत्तीत आले आणि २०१३ मध्ये १.९ मधून काढले गेले. ‘ऑन’ २०११ च्या १.७ पासूनचे. साधनाचे साल आधी पाहावे, ही आमची जुनी खोड येथे कामी आली.

एका क्लिकला दोनदा हजेरी लागत असेल, तर हँडलर दोनदा जोडला गेला आहे. जोडणारी ओळ पुन्हा पुन्हा चालते आहे काय, ते आधी तपासावे. जोडलेला हँडलर ‘ऑफ’ने काढता येतो.