भीतीची रात्र कर्जत-खालापुरात: खर्च किती आणि विचारायचं काय

परदेशातल्या मोठ्या शहरांत 31 ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, आगेमागे मोठ्या माणसांसाठी भुताटकीचे वाडे उभे राहतात, रात्रीच्या सहली निघतात, त्यांची तिकिटं कित्येकदा आधीच संपतात. मुंबई-पुण्याच्या मंडळींना तशी रात्र हवी असली की ती कर्जत-खालापूरकडे वळतात. लोकल आहे, द्रुतगती मार्ग आहे आणि फार्महाउसं पावलोपावली आहेत. इथे घाबरायला फारसे पैसे पडत नाहीत. खिसा रिकामा होतो तो रात्रीच्या परतीत आणि मुक्कामात, आणि जाहिरातीत नेमके तेच आकडे नसतात. म्हणून हिशेब तिथूनच सुरू करावा.

लोकलचं दुसऱ्या वर्गाचं एकेरी तिकीट सीएसएमटीहून कर्जतपर्यंत काय किंवा खोपोलीपर्यंत काय, पन्नास रुपयांच्या आतच आहे. पण कर्जत-खोपोली फाट्यावर गाड्या मोजक्या. एक चुकली की बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. रात्री स्टेशनपासून मुक्कामापर्यंतची रिक्षा जाण्यापेक्षा येताना जास्त मागते, कारण तिला रिकामं परतायचं असतं. तेव्हा जातानाच दोन्ही वेळचं भाडं ठरवून रिक्षावाल्याचा नंबर घ्यावा. गाडीने येणाऱ्यांनी द्रुतगती मार्गाचा टोल धरावा. मुंबई-पुणे पूर्ण अंतरासाठी मोटारीला एप्रिल 2023 च्या दराने एका बाजूचे 320 रुपये पडतात. खालापूरला उतरणाऱ्यांना त्याहून कमी. मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर 2024 पासून मोटारींना माफ आहे, तो कुणी वाटणीत धरत असेल तर वजा करावा.

आता जागा. तिकीट काढून घाबरण्याची सर्वांत सरळ सोय म्हणजे खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. एप्रिल 2013 मध्ये हे उद्यान सुरू झालं. त्यातला सलीमगढ हा झपाटलेला किल्ला खास भित्र्यांसाठी आणि धीटांसाठीही. काही वर्षी ऑक्टोबरअखेरीस तिथे हॅलोविनचे खास कार्यक्रमही झाले आहेत. प्रवेशाला साधारण दीड ते दोन हजार रुपये धरावेत. दर तारखेनुसार बदलतो, शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत चढतो. खास कार्यक्रम त्याच तिकिटात आहे की वेगळे पैसे आहेत, हे पैसे भरण्याआधी वाचावं. आतल्या जेवणाचे माणशी चार-पाचशे आणि खोपोली स्टेशनहून रिक्षाचे तीन-चारशे हाताशी ठेवले, तर मुक्काम न करता माणशी अडीच ते तीन हजारांत दिवस निभावतो. माझ्या मते मधल्या वारी जाणं केव्हाही बरं. रांग आखूड असेल तर अंधाऱ्या बोळात पुढच्या गटाच्या किंकाळ्या आधीच ऐकू येत नाहीत, आणि अशा जागेत खरी मजा त्या अनपेक्षितपणातच असते.

दुसरा प्रकार फार्महाउसवरच्या पार्टीचा. इथे फसगत जास्त होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘रात्रभर डीजे’ असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा: उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच असते. दारू देणार असतील तर त्या रात्रीचा उत्पादन शुल्क खात्याचा परवाना दाखवायला सांगा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा मित्रमंडळीत कॉलेजची मुलं असतील तर हे आधीच बघावं. खोलीचं भाडं रोज 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. बिलात 12 टक्के दिसले तर विचारा. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही त्याला हा कर घेता येत नाही. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क परस्पर जोडलं असेल तर ते काढायला सांगण्याचा हक्क आहे. आगाऊ रक्कम किती परत मिळेल, किती दिवस आधी कळवलं तर मिळेल, हे मोबाइलवर लिहून घ्यावं. तोंडी कबुली नंतर कुणालाच आठवत नाही.

‘खरं भूत दाखवतो’, ‘आत्म्याशी बोलणं करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. चमत्काराच्या नावाने लोकांना ठकवणं किंवा भूतपिशाच्चाची भीती घालणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

रात्रीच्या डोंगरवाटांबद्दल मी थोडा कडक आहे. ढाक बहिरीची गुहा कड्यात आहे, तिथली चढण दिवसा उजेडीही जीव मुठीत धरून करावी लागते; अंधारात तिथे जाणं हा मूर्खपणा. कोथळीगड किंवा कोंढाणे लेणी पाहायची तर उजेडात, गावातला वाटाड्या घेऊन. ऑक्टोबरअखेरीला भातकापणी चालू असते, बांधाबांधावर साप असतात. बूट आणि विजेरी हवीच, आणि 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर पाठ हवा. आणि इर्शाळवाडीला या निमित्ताने जाऊ नका. 19 जुलै 2023 च्या रात्री या वाडीवर दरड कोसळली, 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. तिथे अंगावर काटा आणायला जाणारी सहल कुणी विकत असेल तर ती घेऊ नये, इतकीच माझी हात जोडून विनंती आहे.

मला विचाराल तर या भागातली सर्वांत चांगली भीतीची रात्र पोपटीची. तिचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर ताज्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, जाडं मीठ आणि ओवा. पाणी मुळीच नाही. तोंड पाल्याने बुजवून मडकं शेतात उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करतात. ते भाजेपर्यंत शेकोटीला बसून चकवा, मुंजा, वेताळ यांच्या गोष्टी निघतात. या गोष्टींतला ओढा, पिंपळ आणि बांध तिथून हाकेच्या अंतरावर असतो, त्यामुळे परततानाची पायवाट कुठल्याही सजवलेल्या वाड्यापेक्षा जास्त धडकी भरवते. घरगुती निवासात मुक्काम, दोन वेळचं जेवण आणि चहा मिळून माणशी हजार ते दीड हजार धरावेत, पोपटीचे दोन-तीनशे वेगळे. आठ-दहा जण असाल तर मडक्याप्रमाणे दर ठरवा, ते स्वस्त पडतं. ऑक्टोबरात ‘पोपटी पार्टी’ विकत असतील तर शेंगा कुठल्या, हे विचारा. इथल्या वालाला तेव्हा शेंगा धरलेल्या नसतात.

कबूल केलेलं मिळालं नाही तर पावती, जाहिरातीचा फोटो आणि संदेश जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे अर्जाला शुल्क लागत नाही.