दुकानाची भेटवस्तू आणि सातवीचा नफा-तोटा



नफा-तोट्याच्या धड्यात खुर्च्या आणि सायकली विकून आमची सातवी कंटाळली होती. त्याच सुमारास बिबवेवाडीतल्या एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली. त्या घरून मसाले आणि भाजणी विकतात. दिवाळीला गिऱ्हाइकांना भेट द्यायची होती, हाताशी ४००० रुपये. "सर, मागच्या वर्षी तीनशे पेनं वाटली, पण फोन नंबरातला एक आकडा चुकला. सगळे पैसे पाण्यात. या वेळी काय देऊ?"

प्रश्न तसाच वर्गात नेला.

आधी गृहपाठ दिला: घरात दुकानाचं नाव छापलेल्या वस्तू शोधा आणि त्या शेवटच्या कधी वापरल्या ते विचारा. दुसऱ्या दिवशी नुसती धमाल! सराफाची छोटी पर्स बहुतेक घरांत, तिच्यात सुटे पैसे नाहीतर अंगारा. पेनं भरपूर, लिहिणारी थोडी. आरतीची पुस्तिका वर्षातून दहाच दिवस बाहेर येते, पण वर्षानुवर्षं टिकते. कॅलेंडरं दोन-तीन, भिंतीवर मात्र एकच. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं 'कालनिर्णय' घराघरांत का टिकलं, याचं उत्तर मुलांनीच दिलं. पुढे तिथी आणि सण, मागे पाककृती, आणि दुधाचा खाडा लिहायला तारखेची चौकट. घरात काम असलेली वस्तूच घरात राहते.

मग फळ्यावर हिशेब मांडला (भाव आमच्यापुरते धरलेले, छपाईवाल्याला विचारूनच घ्या). पेन ८ रुपयांना, म्हणजे ५०० नग. कॅलेंडर २५ ला, १६० नग. कापडी पिशवी ४० ला, फक्त १००. सगळा वर्ग ओरडला, "पेन!" मी विचारलं, नेहमीची गिऱ्हाइकं किती? ऐंशी. मग उरलेली ४२० पेनं कुणाला? वर्ग गप्प. पिशवी आठवड्यातून एकदा मार्केट यार्डात गेली तर वर्षाच्या ५२ खेपा, खेपेला सुमारे ७७ पैसे. दोन वर्षं टिकली तर त्याच्या निम्मे. शिवाय नाव चारचौघांत फिरतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्याकडे चांगली पिशवी घडी करून कपाटात ठेवतात." अगदी खरं! ५२ हा आकडा आपण गृहीत धरलेला, हे मीच सांगायला विसरलो होतो. मग ठरलं: पांढरी नको, मळखाऊ रंगाची हवी आणि बंद खांद्याला अडकतील एवढे लांब.

एक गोष्ट पालकांसाठी. कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी बहुधा पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच असते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ती किमान ६० जीएसएमची लागते, आणि साधी प्लास्टिक पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. त्यापेक्षा सुती बरी. छपाई एका रंगात करा, कारण स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगाची स्क्रीन वेगळी आणि खर्चही वेगळा.

शेवटी ८० पिशव्यांचे ३२०० झाले. उरलेल्या ८०० रुपयांत ५ रुपयांची १६० कार्डं: कोणत्या उसळीला किती मसाला, याचं प्रमाण. फ्रिजवर लावायला. ही कल्पना त्या मुलीचीच, आणि मला पिशवीपेक्षा तीच जास्त आवडली.

प्रूफ आलं तेव्हा ती ते वर्गात घेऊन आली. एकाने नंबर मोठ्याने वाचला, मी माझ्या मोबाईलवरून लावला. तिच्या आईनेच उचलला. नंबर बरोबर होता. 'भाजणी'चं मात्र 'भाजनी' झालं होतं.