विमानाचा प्रोपेलर बदलतांना

विमानाच्या नाकावर फिरणारा प्रोपेलर दुरून पाहणारास घरांतील विजेच्या पंख्यासारखा भासतो. पंखा हवा खालीं लोटतो, प्रोपेलर ती मागें लोटतो. एवढें साम्य खरें. परंतु पंख्याचें पातें किंचित् वांकलें, तर खोलींत खडखडाट होतो इतकेंच. प्रोपेलरच्या पात्याचा तुकडा उडाला, तर त्या हादऱ्यानें इंजिनच जागचें निखळूं शकतें. म्हणून प्रोपेलर बदलणें हें साधें खोलजोडीचें काम नव्हे. तें कसें करितात, हें येथें पाहूं.

प्रोपेलरचें पातें म्हणजे फिरता पंखच होय, हें अमेरिकेंतील राइट बंधूंनीं ओळखलें आणि आपले साडेआठ फुटी प्रोपेलर लांकडांतून कोरून काढले. परंतु १९०३ च्या अखेरीस किटी हॉक येथील चांचण्यांत प्रोपेलर फिरविणारे पोकळ दांडे टिकेनात. ऑर्व्हिल राइट यांस डेटन येथें परत जाऊन भरीव पोलादी दांडे करून आणावे लागले. तेव्हां कोठें १७ डिसेंबरचें उड्डाण घडलें. पातें उत्तम असून भागत नाहीं, तें उत्तम रीतीनें धरलेलेंही असावें लागतें.

आतां सेस्ना १७२ हें चार आसनांचें विमान घेऊं. त्याच्या अनेक नमुन्यांवर ७५ इंच व्यासाचा, दोन पात्यांचा, अखंड ॲल्युमिनियमचा प्रोपेलर असून तो मिनिटास २७०० पर्यंत, म्हणजे सेकंदास ४५ फेरे घेतो. विद्यार्थ्यांनीं वहींत गणित करून पाहावें. परीघ सुमारें ६ मीटर. म्हणून पात्याचें टोंक सेकंदास सुमारें २७० मीटर धांवतें. त्या टोंकाशीं एक ग्रॅम धातूस बाहेर ओढणारा जोर सात किलोग्रॅम वजनाहून अधिक भरतो! धांवपट्टीवरील खड्यानें पात्याच्या पुढील धारेस पडलेली बारीकशी खांच धोक्याची कां, हें यावरून कळेल. सारा ताण त्या खांचेपाशीं एकवटतो व तेथून भेग वाढत जाते. अशा खांचा कानशीनें घांसून गुळगुळीत करितात. परंतु घांसतां घांसतां पातें ठराविक मापाहून बारीक झालें, कीं प्रोपेलर बदलावाच लागतो.

काम परवाना असलेल्या कारागिराचें आहे. प्रथम तो किल्ली काढून घेतो व स्पार्क प्लगच्या तारा सोडवितो. कारण या इंजिनांतील मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करितो; त्याची तार तुटलेली असल्यास, किल्ली बंद असूनही, हातानें पातें फिरवितांच इंजिन पेट घेऊं शकतें. बंद दिसणारा प्रोपेलर नेहमीं चालू आहे असें समजून वागावें, हा येथील पहिला नियम.

नंतर स्पिनर, म्हणजे मध्यावरील शंकूच्या आकाराची टोपी, काढितात. ती केवळ शोभेची नव्हे. हवा सुरळीत वळवून ती इंजिनाकडे जाऊं देते. तिच्या स्क्रूंच्या भोंकांपाशीं व मागील तबकडीवर भेगा पडल्या आहेत काय, हें बारकाईनें पाहतात. मग दुसऱ्या माणसाकडून प्रोपेलरला आधार देववून सहा बोल्ट सोडवितात.

नवा प्रोपेलर त्या विमानास व इंजिनास मान्य असलेलाच हवा. बसविण्यापूर्वीं एकमेकांस टेकणाऱ्या दोन्ही बाजू स्वच्छ पुसतात. कारण इंजिनाचा जोर मुख्यतः या दोन बाजूंच्या घट्ट घर्षणानेंच प्रोपेलरकडे जातो. बोल्ट सैल राहिले, तर बाजू एकमेकींवर सरकून झिजतात व बोल्ट तुटतात. फाजील आवळले, तर तेच ताणून निकामी होतात. म्हणून जोराचें माप दाखविणाऱ्या टॉर्क पान्यानें, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळतात. शेवटीं बोल्टांच्या डोक्यांतून तार अशी पिळून ओंवितात कीं, एक बोल्ट सैल होऊं लागल्यास तीच तार दुसऱ्यास आवळील.

यानंतर विमानापुढें एक खूण ठेवून प्रोपेलर हळूंच फिरवितात. दोन्ही टोंकें त्या खुणेजवळून सारख्याच अंतरानें गेलीं पाहिजेत. चालणारा फरक इंचाच्या अगदीं लहान अंशाएवढाच. स्पिनरही डगमगतां कामा नये. मग तारा जोडून इंजिन जमिनीवरच चालवून पाहतात.

तरीही काम पुरें झालें असें नाहीं. काय बदललें व केव्हां बदललें, हें नोंदवहींत लिहून कारागीर खालीं सही करितो. पुढें त्या विमानांत बसणारीं माणसें त्यास कदाचित् कधींच भेटणार नाहींत. स्पिनरखालीं झांकलेले सहा बोल्ट तीं पाहणारही नाहींत. त्यांच्या वतीनें ते पाहिले, असें ती सही सांगते.