पुनर्विकासातील घर आणि आपले दिव्यांग बांधव

आजारी पडलेल्या एकाकी भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः न्हाऊ घातले, हा प्रसंग विनयपिटकातील महावग्गात आहे. करुणा ही आचरणाची बाब आहे, हा त्यातील बोध. आज आपल्या वस्त्यांचा पुनर्विकास होत असताना ही करुणा घराच्या नकाशातही उतरली पाहिजे.

मुंबईतील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास, लिफ्ट नाही. ज्याचे पाय अधू झाले तो वरच्या मजल्यावरच अडकला. विहार, दवाखाना, भीमजयंती सारे जिन्याच्या खाली राहिले. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांचा ताबा देण्यास सुरुवात झाली. परंतु कोणत्याही इमारतीत लिफ्ट आली म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. लिफ्टपर्यंत जाण्यास तीन पायऱ्या असतील, तर व्हीलचेअरवरील माणसाला ती लिफ्ट असून नसल्यासारखीच!

म्हणून नकाशा पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

१) प्रवेशाचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा. जोते ४५ सें.मी. उंच असल्यास उताराची लांबी किमान ५.४ मीटर हवी. दोन्ही बाजूंस कठडा असावा.

२) दरवाजाची मोकळी रुंदी ९० सें.मी. असावी; उंबरठा जवळजवळ नसावाच.

३) व्हीलचेअर वळण्यासाठी १५० सें.मी. व्यासाची मोकळी जागा लागते. संडास-न्हाणीघरात हीच जागा प्रथम कापली जाते.

४) संडासाची भिंत आधाराचा दांडा पेलेल इतकी मजबूत असावी, लाद्या निसरड्या नसाव्यात.

या गोष्टी नकाशात असताना पेन्सिलीने बदलता येतात. बांधकामानंतर त्यासाठी भिंती फोडाव्या लागतात.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेच्या बांधकाम नकाशास परवानगी देता येत नाही. कलम ३७ अन्वये संबंधित शासकीय योजनांतील घरवाटपात ५ टक्के आरक्षण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष ऐच्छिक नसून बंधनकारक असावेत, असा निर्णय दिला.

डॉ. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागण्यास शिकविले. तेव्हा प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या समितीने नकाशावर सही करण्यापूर्वी इमारतीतील दिव्यांग व वृद्ध रहिवाशांना बैठकीस बोलवावे आणि त्यांची अडचण प्रथम ऐकावी. आज धडधाकट असलेल्यांनाही उद्या तोच उतार लागणार आहे. अनित्यतेचा सिद्धांत आपण जाणतोच.

जयभीम! नमो बुद्धाय!