आधी ब्रेक, मग इंजिन, शेवटी रंग

वाघबीळचा चढ अर्धा झाला होता. मागे धाकटा भाऊ बसला होता. येझदीचा आवाज एकाएकी आखडला, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि गाडी रस्त्यावर फरफटत गेली. बोटांनी क्लच ओढला म्हणून आम्ही पडलो नाही. मागून येणाऱ्या ट्रकने वेळीच गाडी बाजूला घेतली. वडिलांची १९८२ची ही येझदी चौदा वर्षं पडवीत उभी होती. तिला रस्त्यावर आणून तिसराच दिवस झाला होता.

दोष गाडीचा नव्हता. मी कामाचा क्रम चुकवला होता. पहिला पैसा रंगावर आणि क्रोमवर घातला. प्लग साफ केला, कार्बोरेटर धुतला, चार-पाच किकमध्ये इंजिन बोलू लागलं आणि ते ठणठणीत आहे असं मी धरून चाललो. सुरू होणारी गाडी आणि रस्त्यावर नेण्याजोगी गाडी यांत किती अंतर आहे, ते त्या चढावर कळलं.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये ओढली जाते, तिथे दाबली जाते आणि मग सिलिंडरमध्ये जाते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं घट्ट असावी लागतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत हे रबर कडक होऊन आक्रसतं. डायनामोच्या बाजूचं सील गेलं की तिथून फुकटची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं. माझा पिस्टन असाच चिकटला. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो.

गाडीने मला आधी सांगून पाहिलं होतं. रेस सोडली तरी इंजिन खाली येत नव्हतं, उलट आपोआप चढत होतं. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून मी ते दोन दिवस दाबत राहिलो. तुम्ही हे कधीही करू नका. त्याच क्षणी इंजिन बंद करा. दोन सीलांची किंमत किरकोळ असते. मला मात्र रिबोअर, ओव्हरसाइज पिस्टन आणि क्रँकचं काम असं सगळं करावं लागलं. ते उद्यमनगरातल्या जुन्या फिटरने केलं, आणि काम हातात घेताना त्याने आधी ब्रेक उघडले.

तोच क्रम मी आता सगळ्यांना सांगतो. दोन्ही ड्रम उघडा. जुन्या ब्रेक-शूचं लायनिंग वरून जाड दिसतं, पण पत्र्यापासून सुटलेलं असतं. ते ड्रममध्ये अडकलं तर चाक धरतं. केबली नव्या घाला. टायरची नक्षी पाहू नका, तारीख पाहा. बाजूवर चार आकडे असतात: ३२१५ म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. त्यानंतर टाकीतला गंज काढा, पेट्रोलची नळी बदला, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग पूर्ण नवं करा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि जुनं रबर खराब करतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नका.

मी लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो. घाट उतरताना रेस पूर्ण बंद करून इंजिनावर गाडी सोडू नका. पेट्रोल थांबलं की त्याबरोबरचं ऑइलही थांबतं. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

सुटे भाग जपा. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद झाला. २०१८ नंतर आलेल्या नव्या जावा-येझदी फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनाचे भाग जुन्या गाडीला चालत नाहीत. बाजारात नकला मिळतात, पण झिजलेला मूळ भाग हातात असेल तरच नक्कल मापून घेता येते.

रंगापूर्वी कागद पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. माझ्या रंगवाल्याने चासी नंबरवर पुट्टी भरली, कारण मी त्याला बजावलं नव्हतं. आरटीओत नंबरची पेन्सिलछाप उठेना आणि गाडी परत आणावी लागली. तो नंबर कागदाशी ताडून पाहा आणि चिकटपट्टी लावून मगच रंगाला द्या. गाडी पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपातली असेल तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण मग ती रोजच्या वापराला नेता येत नाही. विमा आणि पीयूसीशिवाय तर गल्लीच्या तोंडापर्यंतही जाऊ नका.

वडिलांची गाडी पुन्हा चालवावी ही ओढ मला कळते. म्हणूनच सांगतो: पहिले पाचशे किलोमीटर एकट्याने, सावकाश चालवा. तोवर मागच्या सीटवर कुणालाही बसवू नका.