पकडून सोडायचा मासा

मासा पकडतात तो खाण्यासाठी, नाहीतर विकण्यासाठी. हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण पदरचे पैसे मोजून मासा पकडायला जायचे, दिवसभर उन्हात उभे राहायचे, आणि मासा हाती आला की तो परत पाण्यात सोडून द्यायचा, असे कोणी करील का? तुम्ही म्हणाल, हा तर वेडेपणा झाला! पण अमेरिकेत असे करणारे हजारो लोक आहेत. त्यांना मासा दाखवण्याच्या कामावर तिथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. हा धंदा कसा चालतो, ते या धड्यात पाहू.

समुद्रातले कुरण

अमेरिकेत आग्नेय टोकाला फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिणेला समुद्रात लहान लहान बेटांची एक माळ पसरली आहे. तिला ‘फ्लोरिडा कीज’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत लहान बेटाला ‘कायो’ म्हणतात. त्यावरून ‘की’ हा शब्द आला. माळेच्या शेवटी की वेस्ट हे गाव आहे. तिथून क्यूबा देश सुमारे १४५ किलोमीटरवर आहे.

१९१२ साली या बेटांवरून की वेस्टपर्यंत आगगाडी आली. १९३५ साली मोठे चक्रीवादळ झाले. त्यात लोहमार्गाचा बराच भाग वाहून गेला. आगगाडी बंद पडली. मग उरलेल्या पुलांचा उपयोग करून १९३८ साली मोटारीचा रस्ता झाला. रस्ता झाला तसे गळाने मासे धरणारे हौशी लोक अधिक येऊ लागले.

या बेटांच्या भोवती उथळ पाणी आहे. कुठे घोट्याइतके, कुठे गुडघ्याइतके, तर कुठे कमरेइतके. पाणी इतके नितळ की तळ दिसतो. तळाला वाळू, चिखल आणि समुद्रगवत असते. काठाला तिवराची झाडे असतात. गवतात कोळंबी, खेकडे आणि बारीक शिंपले राहतात. हे झाले माशांचे कुरण.

भरती लागली, पाणी चढू लागले, की खोल पाण्यातले मोठे मासे या कुरणावर चरायला येतात. ओहोटी लागली की परत जातात. आपली गुरे सकाळी रानात जातात आणि सांजेला घरी येतात, तसेच हे. फरक इतकाच की गुरांचे वेळापत्रक सूर्य ठरवतो, माशांचे चंद्र ठरवतो. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. म्हणून माशाची वेळही रोज बदलते.

तीन मानाचे मासे

या कुरणावर तीन मासे मानाचे समजतात.

पहिला बोनफिश. हा बहुधा दोन-तीन किलोचा असतो. त्याचे खवले आरशासारखे असतात. भोवतीच्या वाळूचा आणि गवताचा रंग त्यांच्यात उमटतो. त्यामुळे मासा समोर असूनही दिसत नाही. तळावरची त्याची सावली मात्र दिसते. चरताना तो तोंड चिखलात खुपसतो. पाणी फार उथळ असले तर अशा वेळी त्याची शेपटी पाण्यावर येते. ती उन्हात चमकते.

दुसरा परमिट. हा अंगाने चपटा आणि रुंद असतो. खेकडे त्याला फार आवडतात. तो भारी सावध. त्याला फसवणे सर्वांत अवघड.

तिसरा टार्पन. हा पन्नास किलोहूनही मोठा होतो. पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. तो अधूनमधून पाण्यावर येऊन हवा गिळतो. गळ लागला की माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो.

होडी आणि वाटाड्या

अशा पाण्यात मोठी होडी चालत नाही. इथली होडी सोळा ते अठरा फूट लांब असते. तिचा तळ जवळजवळ सपाट असतो. वीतभर पाण्यातही ती तरंगते. मागे इंजिन असते. कुरणाच्या कडेला आले की इंजिन बंद करतात आणि वर उचलून ठेवतात. इंजिनाच्या वर एक लहान माच बांधलेला असतो. आपल्याकडे शेत राखायला माळा बांधतात ना, तसाच, पण बुटका. त्यावर वाटाड्या उभा राहतो. त्याच्या हातात वीस फुटांच्या आसपास लांबीची काठी असते. ती तळाला टेकवून तो होडी हळूहळू रेटतो. आवाज म्हणून होत नाही.

उंचावर उभे राहिल्याने वाटाड्याला लांबचे पाणी दिसते. पाण्यावरची चकाकी कापणारा खास चष्मा तो घालतो. गिऱ्हाईक पुढच्या टोकावर गळाची काठी घेऊन उभे असते. होडीत दोन गिऱ्हाइके मावतात. पण पुढे उभे राहून गळ टाकायला जागा एकालाच असते. म्हणून पुष्कळ लोक एकट्यासाठीच होडी ठरवतात. दिवसभर एक शिकणारा आणि एक शिकवणारा.

पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या वाटाड्याला सरकारी तटरक्षक दलाचा परवाना लागतो. साधा परवाना हवा असेल तर आधी ३६० दिवस होडीवर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. वैद्यकीय तपासणी होते. समुद्री नियम आणि नकाशा यांची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे नुसते हाताचे कसब पुरत नाही. लिहिता-वाचताही यावे लागते.

अनेक वाटाड्ये एक वही ठेवतात. तारीख, भरतीची वेळ, वारा कुठला, पाणी गार की कोमट, मासा कुठे दिसला, हे सारे रोज संध्याकाळी लिहितात. एका दिवसाचे टिपण क्षुल्लक वाटते. पाच-दहा वर्षांची टिपणे एकत्र पाहिली म्हणजे मासा आज कुठे असेल याचा अंदाज येतो. असे ज्ञान बाजारात विकत मिळत नाही.

हे काम पुरुषांचेच, असेही समजू नका. इस्लामोराडा या गावी १९४० च्या सुमारास बॉनी स्मिथ आणि फ्रँकी अल्ब्राइट या दोन सख्ख्या बहिणी वाटाड्या म्हणून नावाजल्या होत्या.

घड्याळाची भाषा

मासा दिसला, पण तो दुसऱ्याला दाखवायचा कसा? ‘तो बघा, तिकडे!’ म्हणून भागत नाही. तिकडे म्हणजे कुठे? मासा तर क्षणात निघून जातो. म्हणून हे लोक घड्याळाची भाषा बोलतात.

अशी कल्पना करा की होडी एका मोठ्या घड्याळावर ठेवली आहे. होडीचे पुढचे टोक म्हणजे १२. उजव्या बाजूला ३. मागे ६. डाव्या बाजूला ९. आता वाटाड्या काय म्हणतो ते ऐका.

‘दहा वाजता. पन्नास फूट. उजवीकडे चाललाय.’

‘दिसत नाही हो!’

‘काठी तिकडे करा. आणखी डावीकडे. बस्स. आता काठीच्या शेंड्याच्या रोखाने बघा.’

‘दिसला! सावली दिसली!’

‘थांबा, घाई नको. त्याच्या अंगावर टाकू नका. तो जिथे जाणार आहे, तिथे पुढे टाका.’

गळ माशाच्या अंगावर पडला तर मासा बुजतो. फार लांब पडला तर त्याला दिसत नाही. चार-सहा फूट पुढे पडला तर मासा चालत चालत आमिषापाशी येतो. आमिष कधी जिवंत कोळंबी असते, तर कधी पिसे आणि दोरा बांधून केलेली नकली कोळंबी. होडीत धपकन पाऊल आपटले तरी मासा पळतो. दिवसभरात अशा आठ-दहा संधी मिळाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचा. कधी एकही मासा लागत नाही. वाटाड्या मासा दाखवू शकतो, पण मासा लागेलच अशी हमी कोणी देत नाही.

पाण्यात उतरून चालायचे असेल तर पाय उचलायचा नाही. तळावरून घासत पुढे न्यायचा. वाळूत पाकट मासा दडलेला असतो. त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाय घासत नेला की तो आधीच निघून जातो. आणि वीज चमकू लागली की होडी लगेच किनाऱ्याला लावायची. उघड्या पाण्यावर उंच काठी हातात धरून उभे राहणे म्हणजे विजेला बोलावणे.

सोडायचा कसा?

मासा लागला की दोर सरसरत सुटतो. पहिल्याच धावेत बोनफिश कित्येकदा शंभर यार्ड दोर नेतो. पण त्याला तासभर खेळवण्यात शहाणपण नाही. जितका जास्त दमेल, तितका तो जगण्याची शक्यता कमी. दमलेल्या माशावर मुशी, म्हणजे शार्क, टपलेलीच असते. जवळ मुशी दिसली तर वाटाड्या दोर तोडायला सांगतो.

मासा धरताना हात ओले करायचे. माशाच्या अंगावर चिकट थर असतो. तो त्याला रोगांपासून वाचवतो. कोरड्या हाताने तो थर निघतो. गळाचा उलटा काटा आधीच चपटा केलेला असतो. म्हणून गळ चटकन सुटतो. मासा शक्यतो पाण्याबाहेर काढायचा नाही. त्याचे तोंड वाहत्या पाण्याकडे धरायचे. तो आपल्या बळावर उभा राहिला की हात सोडायचा.

हा केवळ शिष्टाचार नाही, कायदा आहे. फ्लोरिडात २०१३ साली असा नियम झाला की बोनफिश पकडला तर सोडलाच पाहिजे. टार्पनही सोडावाच लागतो. ठरावीक मोठा विक्रम नोंदवायचा असेल तरच खास परवान्याने तो ठेवता येतो. चाळीस इंचांहून लांब टार्पन तर पाण्याबाहेर उचलायचाही नाही. बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या देशाने तर २००९ सालीच या तिन्ही माशांना असे संरक्षण दिले.

जिवंत मासा, मेलेला मासा

बोनफिशला काटे फार. बाजारात त्याला मोठा भाव नाही. पण तोच मासा जिवंत राहिला तर आज एकाला, उद्या दुसऱ्याला दाखवता येतो. फ्लोरिडा कीजमध्ये होडीच्या पूर्ण दिवसाचे भाडे आज बहुधा सहाशे डॉलरांच्या वर असते. शिवाय गिऱ्हाईक मुक्काम करते, जेवते, पेट्रोल घेते, सामान विकत घेते. २०१३ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की या उथळ पाण्यातल्या मासेमारीमुळे तिथे वर्षाला सुमारे ४६ कोटी ५० लाख डॉलरांची उलाढाल होते. दुभती गाय कोणी कापत नाही. तसाच हा हिशेब.

पण मासा सोडला म्हणजे सारे झाले, असे नाही. कुरण राहिले तरच मासा राहील. उथळ पाण्यात कोणी इंजिन चालवले की त्याचा पंखा गवताची मुळे कापतो. तळाला चर पडतो. तो भरायला कित्येक वर्षे लागतात. एका माणसाने दहा मिनिटे वाचवली, त्याची किंमत कुरण दहा वर्षे मोजते.

२०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. उथळ पाणी गारठले आणि पुष्कळ मासे मेले. थंडी माणसाच्या हातात नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे. संशोधकांनी दक्षिण फ्लोरिडातले ९३ बोनफिश तपासले. २०२२ साली त्याचा निष्कर्ष जाहीर झाला. माशांच्या अंगात माणसांची औषधे सापडली. रक्तदाबाची, मनाच्या आजाराची, जंतू मारणारी. सरासरी एका माशात सात औषधे! ती आली कुठून? माणसाच्या पोटातून सांडपाण्यात, आणि सांडपाण्यातून समुद्रात. मैलापाणी शुद्ध केले तरी औषधे पूर्ण निघून जात नाहीत.

म्हणजे पाहा, वाटाड्याने नियम पाळला, गिऱ्हाइकाने मासा हळुवार सोडला, तरी किनाऱ्यावरच्या घरातून काय वाहून येते यावर माशाचे जगणे अवलंबून आहे. म्हणून तिथले वाटाड्ये आता संशोधकांना मदत करतात. माशाला खूण लावतात, मोजमाप घेतात, वहीत नोंद करतात आणि पाण्यासाठी सरकारकडे दाद मागतात. रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाला बदल सर्वांआधी दिसतो. त्याने तो लिहून ठेवला तर दुसऱ्यालाही पटवून देता येतो.

सांगा पाहू

१. मासे कुरणावर केव्हा येतात आणि केव्हा परत जातात?

२. होडीचे पुढचे टोक १२ मानले तर ‘तीन वाजता’ म्हणजे कोणत्या बाजूला?

३. मासा कोरड्या हाताने का धरू नये?

४. वाटाड्याला वहीचा काय उपयोग होतो?

५. तुमच्या गावच्या नदी-ओढ्यात पूर्वी असलेली आणि आता दिसेनाशी झालेली एखादी गोष्ट आहे का? वडीलधाऱ्यांना विचारा. ती केव्हापासून दिसत नाही, ते पाच ओळींत लिहा.